आक्षेप क्रमांक एकशेपंचवीस

मांजरी बुद्रुकच्या दत्तोबांना चहा कसा झालाय हे विचारण्यात काही अर्थ नव्हता. चहा फक्कड झाला असला तरी ते कपाकडे बघत म्हणायचे, "चांगला झालाय असं मानायला आधार काय?" मग त्यांच्या पत्नी मथुराबाई कप उचलायच्या, "आधार ह्यो बघा," म्हणायच्या आणि उरलेला चहा मोरीत ओतून टाकायच्या. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. माणूस मुळात वाईट नव्हता. उलट इतका मऊ, की शेजारच्या कुत्र्यालाही हाड म्हणताना त्यांचा आवाज पडायचा. पण ते पडले मंडळाचे पूर्वपक्षी, आणि शंका घेणं हे त्यांचं काम होतं.

मंडळ म्हणजे 'श्री तारोबा महाराज खंडन-मंडन व संशोधन मंडळ'. आता तारोबा महाराज कोण, हे मांजरीबाहेर कुणाला ठाऊक नसतं, त्यात वाचकांचा दोष नाही. महाराज गुळव्या होते. गुऱ्हाळावर रस आटवायचे आणि आटवता आटवता अभंग म्हणायचे. एकदा मुळा-मुठेला पूर आला आणि त्याच दिवशी पलीकडे मांजरी खुर्दला त्यांचं कीर्तन ठरलेलं. नाव नाही, तराफा नाही. महाराजांनी चुलाणावरची काहील उतरवली, ती पाण्यात लोटली, हातात टाळ घेऊन आत बसले आणि गात गात पैलतीराला गेले. गुळाची काहील ती, केवढी मोठी लोखंडी परात! पुरात ती भिंगरीसारखी फिरली असणार, पण महाराजांचा ताल चुकला नाही म्हणतात. तीच काहील पुढे मंडळाच्या सभागृहात येऊन विसावली, आणि तीच संचालकांची गादी झाली. वार्षिक उत्सवात कीर्तन चालू असताना जो काहिलीत बसलेला असेल तो संचालक, अशी मंडळाची घटनाच होती.

मंडळ काढलं ते रंगराव मास्तरांनी. पंथाची सगळी मिळून चारशे घरं. मास्तरांना एका गोष्टीचं फार दुःख होतं. ते म्हणायचे, "मोठमोठ्या संतांवर लोक आक्षेप घेतात. जाडजूड ग्रंथ लिहितात. आपल्या महाराजांवर साधी शंका घ्यायला कुणाला सवड नाही. मग आपण खंडन करायचं कशाचं?" शास्त्रार्थाची आपली रीत अशी, की आधी समोरच्याची बाजू नीट मांडायची, तो पूर्वपक्ष, मग तिचं उत्तर. समोरचा कुणी नव्हताच, तेव्हा मास्तरांनी तो घरातलाच नेमायचं ठरवलं.

दत्तोबा तेव्हा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. मास्तर त्यांना म्हणाले, "रोज उसाच्या गाडीवर शंका घेतोस. तशीच आता महाराजांवर घे."

दत्तोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तर, मी भक्त आहे हो."

"म्हणूनच तू. परक्याला नेमलं तर त्याला त्यात गंमत वाटायला लागेल. तुला प्रत्येक वेळी दुखेल. दुखेल तेवढाच आक्षेप खरा."

दत्तोबांनी गादीला हात लावून शब्द दिला. घटनेत सत्तावीस कलमं होती, त्यांतली अठरा पूर्वपक्षीनं काय करू नये याची. त्यानं महाराजांचं पद चारचौघांत म्हणू नये. उत्सवाच्या कीर्तनात सभागृहात बसू नये; बाहेर खिडकीशी बाकावर बसावं. टाळ धरू नये. प्रत्येक ठरावाच्या विरोधात मत द्यावं आणि तटस्थ राहू नये. आणि आपल्या आक्षेपाचं उत्तर स्वतः कधीही देऊ नये. दिल्यास तो पूर्वपक्षी उरत नाही. सुटका एकच होती. नवा संचालक आला की पहिल्या दिवशी तो नवा पूर्वपक्षी नेमणार आणि जुना मोकळा होणार. पण मास्तरांनंतर हिंदुराव संचालक झाले ते घाईघाईत, आणि त्यांनी दत्तोबांनाच पुन्हा नेमलं, कारण त्यांच्याइतक्या सरळ शंका कुणाला सुचत नव्हत्या.

कीर्तनावर या माणसाचा जीव होता. हडपसरला, सासवडला, शहरातल्या देवळांत, जिथे म्हणून कुणी कीर्तनाला उभं राहील तिथे दत्तोबा पुढच्या ओळीत. पण आपल्या महाराजांचा उत्सव आला की ते बाहेर बाकावर, चपलांच्या घोळक्यात. आतून मूळपद यायचं आणि ते ओठ घट्ट मिटून बसायचे. आता अडुसष्टावं लागलं होतं. न्हाणीघरात दार लावून म्हणायला गेले तर दुसऱ्या चरणाला श्वास तुटायचा. दम आणखी दोनेक वर्षं टिकेल न टिकेल. महाराजांचा अभंग महाराजांच्या उत्सवात एकदा गळा मोकळा सोडून म्हणायचा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती मथुराबाईंखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

एकतीस वर्षांत दत्तोबांनी दर तिमाहीला एक असे एकशेचोवीस आक्षेप घेतले होते. काहील लोखंडाची, मग बुडाली कशी नाही? महाराजांना पोहता येत होतं का, येत असल्यास काहील कशाला? पुरात गाणं काठावरच्यांना ऐकू कसं आलं? हिंदुराव या सगळ्यांना मंडळाच्या त्रैमासिकात चौदा-चौदा पानी उत्तरं द्यायचे. हिंदुराव निवृत्त मराठी शिक्षक होते, वाक्यात कर्ता सापडेपर्यंत पान उलटावं लागायचं, पण निष्ठा अशी की उत्तर पूर्ण होईपर्यंत जेवत नसत.

त्यात विश्वजीत आला. विश्वजीत पंथातलाच, चांगल्या घरचा, खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर. कार्यकारिणीत येऊन त्याला वर्ष झालं नाही तोच तो म्हणाला, "सर, आपण महाराजांना डिफेंड का करतोय? आपण फक्त रिसर्च करू. डेटा बोलेल." काहिलीवर त्यानं 'वस्तू क्र. १' असं लेबल चिकटवलं.

हिंदुरावांनी चष्म्यावरून लेबल वाचलं. "आणि मी वस्तू क्रमांक दोन का?"

"नाही सर, तुम्ही कलेक्शनमध्ये नाही आहात."

त्या वाक्याचा अर्थ हिंदुरावांना पुढच्या महिन्यात सोलापूरला कळला. तिथल्या व्याख्यानात ते आक्षेप क्रमांक एकशेएकोणीसचं खंडन करत होते. ऐन रंगात खिशातला फोन वाजला. ते सवयीनं मोठ्यानं वाचून गेले, आणि माईक चालू होता. "विश्वजीत यांनी तुम्हाला ग्रुपमधून काढले." सभागृहातून टाळ्या पडल्या, लोकांना वाटलं, खंडनातलाच भाग आहे. मागोमाग दुसऱ्या कुणाचा निरोप आला की कार्यकारिणीतल्या तिघांनी त्यांची मुदत संपल्याचं जाहीर केलंय आणि त्यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्यात.

हिंदुराव मिळेल त्या एसटीनं परतले आणि थेट सभागृहात जाऊन काहिलीत बसले. "ग्रुपमधून काढलंत," ते म्हणाले, "काहिलीतून काढून दाखवा."

कार्यकारिणीची बैठक भरली. सहा सदस्य, म्हणजे हिंदुरावांकडे तिघं आणि विश्वजीतकडे तिघं, दोघेही धरून. सातवे दत्तोबा. कार्यवाह शेफाली, म्हणजे मंडळाची एकमेव पगारी व्यक्ती, मत नसलेली आणि घटना पाठ असलेली.

"ठराव पहिला," शेफाली म्हणाली. "हिंदुराव सर संचालक असावेत. तीन बाजूने, तीन विरोधात. दत्तोबाकाका?"

"विरोध," दत्तोबा कळवळून म्हणाले.

"नामंजूर. ठराव दुसरा, विश्वजीत संचालक असावेत. तीन, तीन. काका?"

"विरोध."

"नामंजूर. मंडळाला संचालक नाही. चहा सांगू का?"

"चहाला माझा..." दत्तोबा बोलायला लागले.

"काका, तो ठराव नव्हता."

त्या आठवड्यात दोन्ही पक्ष दत्तोबांच्या घरी येऊन गेले. आधी हिंदुराव आले. पाटावर बसले, पाणी प्यायले, आणि आयुष्यात पहिल्यांदा लहान वाक्य बोलले. "दत्तोबा, एकदा 'हो' म्हणा."

"सर, माझ्याकडं 'हो' नाही."

"एकदाच. पुढच्या क्षणी तुम्हाला मोकळं करतो. सभागृहात या, टाळ घ्या, गा काय गायचं ते."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मथुराबाई ऐकत होत्या. दत्तोबा हिंदुरावांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोकळं व्हायला 'हो' म्हणायचं, आणि 'हो' म्हणायला आधी मोकळं व्हायचं. मास्तरांना शब्द दिलाय. नाही जमायचं, सर."

दुसऱ्या दिवशी विश्वजीत आला, बूट दारात काढून. "काका, तुम्ही ॲबस्टेन करा ना. न्यूट्रल राहा. आजकाल न्यूट्रल राहणं हीच व्हॅल्यू आहे."

"कलम नऊ."

"कलम नऊ आपण चेंज करू. ठराव आणू."

"ठरावाला माझा विरोध असेल, बाबा."

विश्वजीतनं डोकं धरलं. "काका, हा तर इन्फिनिट लूप आहे."

तो गेल्यावर मथुराबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "एवढं साधं गाणं म्हनायचं, त्याच्यासाठी ह्यो समदा खेळ. म्हना की एकदाचं हो. महाराज काय काठी घिऊन येनार हायत का?"

"काठी घेऊन आले तर बरंच की," दत्तोबा म्हणाले. "निदान दर्शन तरी होईल."

विश्वजीत मात्र हुशार. पुढच्या बैठकीत तो हसत हसत आला. ठराव उलटा मांडायचा! 'विश्वजीत यांनी संचालक होऊ नये,' असा. दत्तोबा विरोध करणार, म्हणजे ठराव पडणार, म्हणजे विश्वजीत संचालक. पण हिंदुरावांनी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं होतं. नकारार्थी वाक्य त्यांनाही येत होतं. दोघांनी एकाच दिवशी एकसारखे ठराव दिले. दोन्ही पडले. शेफालीनं इतिवृत्तात लिहिलं, 'दोघेही संचालक होऊ नयेत, असे नाही.' आणि पेन मिटलं.

"म्हणजे संचालक कोण?" दोघांनी विचारलं.

"दोघंही. उत्सवाच्या दिवशी काहिलीत कोण असेल त्यावर पुढचं बघू."

"मग मला तरी सोडा," दत्तोबा म्हणाले. "आता एक सोडून दोन संचालक झालेत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्याचे ठराव पाडायला दत्तोबांसारखं हत्यार दोघांनाही हवं होतं. "नेमणुकीच्या पत्रावर दोघांच्या सह्या लागतील," विश्वजीत म्हणाला. "आणि मी यांच्या सहीशेजारी सही करणार नाही," हिंदुराव म्हणाले. निदान या एका गोष्टीवर मंडळात एकमत झालं.

माघात उत्सव आला. हिंदुराव पहाटे आंघोळ करून उशी घेऊन काहिलीत बसले. सहा वाजून दहा मिनिटांनी विश्वजीत लॅपटॉप घेऊन आला आणि पलीकडच्या कडेवरून आत उतरला. आता त्या काहिलीचा तळ शंभर वर्षांत मध्यभागी खाली आला होता. कुठेही बसा, माणूस हळूहळू मधोमध घसरायचा. नऊ वाजेपर्यंत दोघे पाठीला पाठ लावून एकत्र जमा झाले. एकानं पाय लांब केला की काहील कलायची आणि दुसऱ्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. दहा वाजता नाष्टा आला. आत एकच ताट ठेवायला जागा होती. दोघे मागे हात नेऊन आपापल्या अंदाजानं पोहे घेत होते, आणि एकदा विश्वजीतनं हिंदुरावांचं बोटच धरलं.

"ते माझं आहे," हिंदुराव म्हणाले.

"सॉरी सर."

इकडे मागच्या अंगणात मथुराबाईंचा वेगळाच घोळ झाला होता. चारशे माणसांच्या खिरीची व्यवस्था त्यांच्याकडे, आणि भाड्यानं सांगितलेली काहील आदल्या दिवशी दुसऱ्या गावच्या सप्ताहात निघून गेली होती. गहू सडून-कांडून तयार, गूळ चिरून तयार, चुलाण पेटलेलं, आणि वर ठेवायला भांडं नाही. त्यांनी दोनदा सभागृहात डोकावून काहिलीकडे पाहिलं. दोन्ही वेळा ती भरलेली होती.

कीर्तनाला मुक्ताई आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, इतक्या बारक्या की नऊवारीच चालत आल्यासारखी वाटावी, पण आवाज असा की कौलं थरथरावीत. त्यांनी चपला काढल्या, सभागृहात पाहिलं आणि शेफालीला विचारलं, "काहिलीत काय शिजतंय?"

"संचालक," शेफाली म्हणाली.

"दोन्ही?"

"अजून कच्चे आहेत."

मुक्ताईंनी मान डोलावली, चिपळ्यांना नमस्कार केला आणि त्या नारदाच्या गादीवर उभ्या राहिल्या. पेटी लागली, तबला लागला. बाहेर बाकावर दत्तोबांनी डोळे मिटले आणि ओठ घट्ट केले. नमन झालं. मग मूळपद आलं. दर वर्षीचंच, महाराजांचं.

ऐलतीरी माझे । सगे राहिले गा ।
एकला मी पैल । काय गाऊ ॥

या अभंगाचा अर्थ काय, यावर मंडळात दोन मतं होती. ऐलतीर म्हणजे माया, असं हिंदुरावांचं मत, साठ पानं. हा अभंग मागाहून कुणीतरी घुसडलेला आहे, असं विश्वजीतचं मत; एक तक्ता. मुक्ताई यांपैकी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी तो सरळ गायला, आणि पुढच्या ओळीतल्या एका आजींनी पदर डोळ्याला लावला.

निरूपण झालं आणि मुक्ताई खिडकीकडे वळल्या. उत्सवाच्या कीर्तनात पूर्वरंग संपताना पूर्वपक्षीनं खिडकीतून वर्षाचा आक्षेप वाचायचा, संचालकानं काहिलीतून उत्तर द्यायचं, मगच हार-बुक्का आणि पुढचं आख्यान, ही मास्तरांनी घालून दिलेली रीत होती.

"पूर्वपक्ष कुठे आहे? शंका येऊ दे."

दत्तोबा उभे राहिले. खिशात कागद होता. आक्षेप क्रमांक एकशेपंचवीस, महाराजांच्या टाळांचं वजन आणि काहिलीचा तोल. सोपा, निरुपद्रवी. त्यांनी कागद उघडला. खिडकीच्या गजांतून त्यांना काहील दिसली आणि तिच्यात पाठीला पाठ लावलेली दोन माणसं, एकाच्या मिशीला पोहा लागलेला. महाराजांची काहील ती. दत्तोबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

एक शंका ते एकोणतीस वर्षं सांभाळून होते. बाकावर बसल्या बसल्या, नेमणुकीच्या दुसऱ्याच वर्षी, याच खिडकीतून बघताना ती सुचली होती. कधी मांडली नव्हती. आधी तिनं गादीलाच धक्का लागत होता म्हणून, आणि नंतर तिचं उत्तरही त्यांना सापडलं होतं म्हणून. शंका तोंडातून गेली की मागोमाग उत्तर येणार, आणि ते तर द्यायचं नव्हतं.

"महाराज बुद्रुकहून काहिलीत बसून निघाले," दत्तोबा म्हणाले. "पलीकडे खुर्दला पोचले. आपण मानतो, पोचले. मग काहील खुर्दला असायला हवी. ही इथं बुद्रुकला कशी?"

इतकी साधी गोष्ट! चारशे घरं, शंभर वर्षं, चौदा-चौदा पानी एकशेचोवीस उत्तरं, आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"संचालकांनी उत्तर द्यावं," मुक्ताई म्हणाल्या.

"इंटरेस्टिंग," विश्वजीत म्हणाला. लॅपटॉप त्यानं कधीच मिटला होता. "म्हणजे ही ओरिजिनल काहीलच असेल, तर क्रॉसिंग झालेलंच नाही. हे मोठं फाइंडिंग आहे."

"थांब," हिंदुराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे चौदा पानं नव्हती. "महाराज गेले. हे खरं. ते खोटं होऊ शकत नाही. मग..." त्यांनी खाली बघितलं, काहिलीच्या काळ्या कडेवरून हात फिरवला. "मग ही काहील ती नव्हे. आणि ही ती नव्हे, तर मी हिच्यात बसून काय करतोय?"

ते उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, कडेवरून पाय टाकून बाहेर आले. हिंदुराव एवढे दिवस भांडले होते हे खरं, पण महाराज की गादी असं झालं तेव्हा त्यांना विचार करायला क्षणही लागला नाही. मला वाटतं, ही गोष्ट सांगणाऱ्यानं हेही सांगायलाच हवं.

त्यांचं वजन निघालं तशी काहील दुसऱ्या बाजूला झुकली आणि विश्वजीत लॅपटॉपसकट अलगद सतरंजीवर ओतला गेला.

मागच्या दारातून मथुराबाईंनी डोकावलं. "झाली का रिकामी?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चार बायांना हाक मारली. पाच जणींनी काहील उचलली. "धरा, धरा. लेबल काढा त्ये आधी अन् घासून घ्या. खीर व्हायची हाय." आणि मंडळाची गादी मागच्या दारानं चुलाणाकडे निघून गेली.

आता सभागृहात काहील नव्हती, एक संचालक उभे, दुसरे सतरंजीवर होते, आणि आक्षेप तसाच लोंबकळत होता. मुक्ताईंच्या चिपळ्या थांबलेल्या. "उत्तर कोण देतंय?" त्यांनी विचारलं. पुढच्या ओळीतल्या आजी रडकुंडीला आल्या. "म्हंजी महाराज गेलेच न्हाईत का वो?"

त्या प्रश्नानं दत्तोबांचे गजांवरचे हात घट्ट झाले. त्यांच्या एकशेचोवीस शंकांनी कुणाच्या डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं.

"खिडकीतले," मुक्ताई म्हणाल्या, "तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. तोंडावर दिसतंय."

"मला द्यायची मुभा नाही, मुक्ताई. मास्तरांना शब्द..."

"मास्तरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"दुखेल तेवढाच आक्षेप खरा."

"मग आज कुणाला दुखतंय ते बघा. आणि मी या गादीवर उभी आहे तोवर बोलणारी मी नव्हे. नारद बोलतायत. कलम काय दाखवायचं ते त्यांना दाखवा."

दत्तोबांनी शेफालीकडे पाहिलं. शेफालीनं घटना उघडली सुद्धा नाही. "कलम बावीस. उत्तर दिल्यास पूर्वपक्षी उरत नाही," ती म्हणाली. "काय उरतं ते लिहिलेलं नाही, काका."

दत्तोबांनी तोंड उघडलं. बोलायचं होतं, पण बोलणं बाहेर आलंच नाही. आलं ते पद. एकतीस वर्षं मिटलेल्या गळ्यातून, पेटीच्या सुराच्या बरंच खालून.

ऐलतीरी माझे । सगे राहिले गा ।
एकला मी पैल । काय गाऊ ॥

दुसऱ्या चरणाला श्वास तुटला. ते थांबले, गज धरून दम घेतला आणि तिथूनच पुढे गायले. मग गायचं सोडून हुंदके देत सांगायला लागले, "परत आले हो! खुर्दला पोचले, कीर्तनाला उभे राहिले, आणि बघतात तर मागं साथ धरायला आपलं कुणीच नाही. सगळे अलीकडं. तसेच काहिलीत बसले आणि परत आले. आपल्याला न्यायला आले. जाणं तर कुणालाही जमेल. ते परत आले म्हणून काहील इथं आहे. आपण दर वर्षी हेच तर म्हणतो, आजी!"

आजींनी दोन्ही हात जोडले. मुक्ताईंनी चिपळ्या वाजवल्या, आणि सबंध सभागृहानं तो चरण उचलला. साठ पानांवाल्यांनी उचलला, तक्त्यावाल्यांनी उचलला. विश्वजीत सतरंजीवर बसल्या बसल्या म्हणत होता. त्याला पाठ होता, लहानपणापासून. कुणीतरी दार उघडलं, कुणीतरी दत्तोबांना हाताला धरून आत ओढलं आणि त्यांच्या हातात टाळ दिले. उंबरठ्यावर त्यांची आणि हिंदुरावांची गाठ पडली. हिंदुराव बाहेर चालले होते.

"सर, कुठं?"

"बाकावर," हिंदुराव म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर एक वेगळंच तेज आलं होतं. "जागा रिकामी झाली ना तुमची? मला एक शंका आली आहे, दत्तोबा. येताना काहिलीत किती जण मावले असतील?" आणि ते जाऊन चपलांच्या घोळक्यात बसले, ओठ घट्ट मिटून.

हार झाले, बुक्का झाला, आख्यान झालं. मागून गुळाचा वास यायला लागला. आरतीला सगळे उभे राहिले तेव्हा शेफाली इतिवृत्ताची वही घेऊन गर्दीतून वाट काढत आली. "काका, आता तुमचं मत मोकळं झालंय. विश्वजीत संचालक व्हावेत का? हो की नाही, एवढं सांगा. मी लिहून टाकते."

दत्तोबांनी तिला हातानंच थांबवलं. आरती चालू होती, हातात टाळ होते, आणि त्यांना आत्ता दुसरं काही सुचत नव्हतं. ते सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागं होते, तरी जिवाच्या आकांतानं वाजवत होते.

मागच्या दारातून मथुराबाई आल्या, हातात खिरीचा डाव तसाच. त्या त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, थोडा वेळ ऐकलं आणि कानाशी लागल्या. "ताल चुकतोय तुमचा."

"हो," दत्तोबा म्हणाले, आणि त्यांनी पुढचं कडवं उचललं.